उस्मानचाचांचा कान

आमच्या गल्लीत भाजीवाल्याला भाव कमी कर म्हणणारे ढीगभर आहेत. सांस नीट घे म्हणणारे एकटे उस्मानचाचा. "मेथी, पालक, शेपू एका दमात जाऊ दे, मग घे सांस. मध्येच काय तोडतो रे?" बिचारा गाडी थांबवून दोनदा ओरडून दाखवतो, तेव्हा कुठं चाचा त्याला पुढं जाऊ देतात.

चाचा लग्नाच्या बँडचे मास्तर. उभा जन्म क्लॅरनेट वाजवलं, आता मुकुंदवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. वाजवणं सुटलं, पण कान सुटला नाही. कोण काय बोलतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बोलणारा सांस कुठं घेतो, तेवढंच ऐकतात. एका लग्नात भटजींनी 'साव' म्हणून दम घेतला आणि मग 'धान' म्हटलं. चाचा आजही सांगतात, "नवरदेव अर्धाच सावध झाला हो, बाई! आणि माझ्या पोरांनी बँड आधीच सुरू केला." घंटागाडीच्या रेकॉर्डमधल्या बाईवर तर त्यांचा लई राग. "सांसच घेत नाय ती. काय भरोसा धरायचा असल्या बाईचा?"

मी पडले शाळेत मराठी शिकवणारी. साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हा माझा रोजचा धंदा. मला बोलायला शिकवणारे हे कोण? एकदा ओट्यावर बसून बहिणीशी फोनवर बोलत होते. फोन ठेवते न ठेवते तोच शेजारून आवाज आला, "बाई, तीन-तीन शब्दांवर सांस घेताय तुम्ही. दिवाळीत तर पुरं वाक्य जायचं."

"माझं बोलणं ऐकत बसता व्हय, चाचा?" मी फणकारले.

"बोलणं नाय ऐकलं. सांस ऐकली."

खोकला होता, कोरडा. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, मोठा श्वास घेतला की उजव्या बरगडीत कळ यायची. मी ते सगळं खडूच्या धुळीवर ढकलून मोकळी झाले होते. पण हा माणूस रोज दारात. "गेलात का दवाखान्यात?" चौथ्या दिवशी तर रिक्षाच घेऊन आले. आमचे हे म्हणाले, "जा गं, नाहीतर वाजत-गाजत नेतील."

डॉक्टरांनी पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकलं. डावीकडं पोकळ आवाज, उजवीकडं खाली एकदम मठ्ठ. स्टेथोस्कोप लावला तर तिथं श्वास ऐकूच येईना. एक्स-रेमध्ये उजवी बाजू खालून पांढरी फटक. "पाणी फुप्फुसात नाही, त्याच्याभोवतीच्या आवरणात साठलंय," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसाला फुगायला जागाच उरली नाही." सोनोग्राफीवर जागा बघून बरगड्यांमधून सुई घातली आणि पिवळसर पाणी काढलं. ते कशामुळं झालं, हे तपासणीच सांगणार होती. रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. कॅन्सर असला तर, हा एकच विचार डोक्यात. शेवटी निघाला टीबी. "वेळेवर आलात. सहा महिने गोळ्या चुकवू नका, बऱ्या व्हाल." टीबी झालाय हे ऐकून आनंदानं रडणारी त्या दवाखान्यात मीच पहिली असेन.

गोळ्या संपल्या त्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन चाचांकडं गेले. "तुमच्यामुळं वाचले, चाचा," म्हटलं. "काय कान आहे हो तुमचा!"

चाचांनी डबा घेतला, उघडला नाही.

"रुकैय्याचं असंच झालं होतं, बाई. माझी बायको. आधी लई बोलायची. मग नुसतं 'हाँ', 'नहीं', 'खाना रखा है'. मला वाटलं, रुसली. लग्नसराईत मी महिना महिना बाहेर, रुसणारच ना. मग मी पण बोलणं टाकलं. शेवटी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी लई दिवसांचं आहे, उशीर झाला." त्यांनी डबा मांडीवर ठेवला. "रुसली नव्हती हो ती. तिला सांस पुरत नव्हती."

मला रडू आवरेना. कसंबसं विचारलं, "चहा ठेवू का, चाचा?"

"नको. बसा. काहीतरी बोला, बाई. लांब बोला."

मी खुर्ची ओढली आणि शाळेतलं, माहेरचं, सुचेल ते सांगत सुटले. चाचा डोळे मिटून ऐकत राहिले. तास-दीड तास मी बोलले असेन. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही.