डीनबाई बाहेर, वर्ग आत

धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी थोरली मॅनेजमेंट कॉलेजची डीन झाली. वडिलांची छाती जी फुगली ती खाली यायचं नाव घेईना. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी दोनदा सांगितलं.

डीन होताच थोरलीने नियम केला. घंटा झाली की वर्गाचं दार बंद. बाहेर जायला मोकळीक, आत यायला नाही, मग तो कोणी का असेना. दारावर तिने शिपाई बसवला.

पुढे तपासणीची समिती आली. तिचं समाधान झालं नाही, तर कॉलेजची मान्यता जाणार होती. थोरली स्वतः शिकवणार होती. समितीच्या तिघांना तिने पुढे बसवलं, हौसेने आलेल्या वडिलांना मागच्या बाकावर, आणि विसरलेला चष्मा आणायला ती धावली. तेवढ्यात घंटा झाली.

दाराआडून वडिलांना सगळं ऐकू येत होतं.

"अहो, दार उघडा!"

"नाही जमणार, मॅडम."

"अहो, मी डीन आहे!"

"म्हणून तर! नियम तुमचाच. उद्या पोरं मला खातील."

"थांबा, मी सांगतो त्याला," म्हणत समितीचे अध्यक्ष बाहेर गेले ते बाहेरच राहिले. त्यांना आणायला दुसरे गेले. दोघांना आणायला तिसऱ्या बाई गेल्या. शिपायाने सगळ्यांना नम्रपणे बाकडं दाखवलं.

वडिलांना वाटलं, लेकीचं कॉलेज आता बुडालंच!

तेवढ्यात एक मुलगी उठून फळ्याशी गेली. "मॅडमनी काल दिलेला प्रश्न सोडवायचाय ना? तोट्यातला कारखाना चालवायचा की बंद करायचा?"

वर्ग तावातावाने भांडू लागला. वडिलांनाही राहवेना. "बंद कशाला करता रे?"

"आजोबा, आधी हात वर करा!"

आजोबांनी निमूटपणे हात वर केला.

तास संपला, दार उघडलं. समितीने दाराच्या काचेतून सगळं पाहिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "कमाल आहे! डीन नसतानाही वर्ग चालतो. मान्यता द्यायलाच हवी."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. वडील मात्र उसळले.

"नसताना म्हणजे काय, साहेब? मी जन्मभर बस चालवली. मी उतरलो की बस जागची हलायची नाही. हिची चालते! अशी असते डीन!"

मान्यता पाच वर्षांची मिळाली. वडील त्याच वर्षीच्या थंडीत वारले. थोरली आठवडाभर कॉलेजात नव्हती, तरी वर्ग चालूच राहिले.