बाबा, हात कोरडे ठेवा

माणसाला निदान एक गोष्ट तरी छातीठोकपणे यावी असं म्हणतात. माझी छाती ठोकण्याजोगी नाही. ठोकली तर खोकला येतो. दुकानात गेलो की दुकानदाराला आपला त्रास नको म्हणून नको ती वस्तू घेऊन परत येतो. दारावरची घंटा वाजली की आधी पुस्तकात तोंड घालतो. पण शिक्का मारण्याचा विषय निघू द्या, मग मी कुणाच्या बापाला ऐकत नाही! माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, मधल्या एका गुप्त पानावर शिक्का. माझा शिक्का कधी तिरका पडला नाही की फिसकटला नाही. आमच्याकडची काही पुस्तकं वाळवीने खाल्ली, पण माझे शिक्के शाबूत राहिले. वाळवीसुद्धा त्यांच्या कडेकडेने गेली.

म्हणूनच त्या दुपारी सूनबाई डोकं धरून बसली तेव्हा मी आपण होऊन म्हणालो, "मी मारतो शिक्के."

सूनबाईने धरलेलं डोकं सोडून माझ्याकडे पाहिलं. मी आपण होऊन काही म्हणण्याची आमच्या घराला सवय नाही.

झालं होतं असं. आमची सून घरी कागद बनवते. न्हाणीघरात रद्दी भिजवते, मिक्सरमध्ये वाटते (तो मिक्सर वेगळा आहे असं ती म्हणते, पण एकदा माझ्या सूपमध्ये हवामानाचा अंदाज निघाला होता), चाळणीवर पसरते, वाळवते. त्यातून जाड, खरबरीत, कडांना दशा असलेला कागद तयार होतो. त्याची ती कार्डं करते आणि त्यांवर रबरी शिक्क्यांनी चित्रं उमटवते. आजवर मैत्रिणींच्या वाढदिवसांवर भागत होतं. आता पहिल्यांदाच खरंखुरं मोठं काम आलं होतं: लग्नाच्या पत्रिका. आतला मजकूर छापून झाला होता, वर चित्र उमटवायचं राहिलं होतं, आणि नवरी स्वतः संध्याकाळी त्या न्यायला येणार होती. काम आवडलं तर पुढे तिच्या मैत्रिणींची रांग. बिघडलं, तर आमचे चिरंजीव इतके दिवस जे मनात म्हणत होते ते मोठ्याने म्हणणार: "हा उद्योग बंद कर आणि मला माझं न्हाणीघर परत दे." शिवाय कागद होता नव्हता तेवढा वापरून झालेला. नवा करून वाळायला आठवडा हवा.

आणि ऐन वेळी कळलं की पाकिटं बोटभर लहान आली आहेत. ती बदलून आणायला सूनबाईलाच जाणं भाग होतं.

"बाबा, नक्की जमेल?"

"शिक्काच आहे ना? मग झालं."

मनात एकच धाकधूक होती. नवरी दातांची डॉक्टर होती. माझी खालची एक दाढ बरेच दिवस ठणकत होती आणि मी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. बोलताना तोंडासमोर हात धरायची माझी लहानपणापासूनची लाजरी सवय. हल्ली ती दाढेच्या कामी येत होती. ठरवलं, ती यायच्या आत काम उरकायचं आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन दडी मारायची.

सूनबाईने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून धडा दिला. फांदीवर बसलेल्या दोन पक्ष्यांचा तिने स्वतः कोरलेला शिक्का. एक बिनरंगी, चिकट, लवकर न वाळणारी शाई. एका बरणीत पिठासारखी बारीक सोनेरी पावडर. शिक्का मारायचा, ओल्या ठशावर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून परत बरणीत भरायची. सगळी कार्डं अशी झाली की मग शेवटी गरम हवा सोडायची. तिच्यासाठी एक यंत्र होतं. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखं, स्वभावाने माझ्या सासऱ्यांसारखं. त्या उष्णतेने पावडर वितळते आणि चित्र सोन्यासारखं उठून येतं. एकदा उठलं की जन्मात जात नाही.

"दोनच गोष्टी लक्षात ठेवा," ती चपला घालता घालता म्हणाली. "शिक्का आपटायचा नाही, दाबायचा. आणि बाबा, हात कोरडे ठेवा. जिथे ओल असेल तिथे ती पावडर चिकटून बसते."

मी उठून टॉवेलने दोन्ही हात पुसले. एकेक बोट वेगळं. एवढी सावधगिरी मी स्वतःच्या लग्नातही बाळगली नव्हती.

पहिला शिक्का मी अर्थातच आपटला. टेबल हललं, बरणी उडी मारून जागेवर बसली.

"अहो, काय पडलं?" बायको आतून ओरडली. ती शिवणयंत्रावर परकराला नाडी... नाही, उशीचे अभ्रे शिवत होती. उगाच खोटं कशाला लिहू.

"काही नाही. शिक्का."

"तो मारायचाय, ठार मारायचा नाहीये!"

मग मी दाबायला लागलो आणि हळूहळू हाताला जुनी लय सापडली. अंगठा जिभेला, गठ्ठ्यातलं कार्ड उचल, शिक्का शाईवर, शिक्का कार्डावर, पावडर, झटक, बाजूला ठेव. अंगठा जिभेला, कार्ड, शाई, शिक्का, पावडर, झटक. वाचकहो, मी वीस वर्षांनी लहान झालो! एकही पक्षी तिरका नाही. मधूनमधून तोंडाला मेणचट चव येत होती, पण ती दाढेची असावी म्हणून मी लक्ष दिलं नाही. शेवटी तर मी गुणगुणतही होतो.

सगळी कार्डं मांडून झाली तेव्हा गरम हवेसाठी बायकोला हाक मारली. म्हटलं, कौतुक करायला कुणीतरी असावं. तिने कार्ड चिमट्याने धरलं, मी यंत्र सुरू केलं. पावडर थरथरली, वितळली, आणि दोन पक्षी सोन्याचे होऊन फांदीवर लखलखले.

"बाई गं," बायको हरखून म्हणाली. मग तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "आणि हे खाली कोपऱ्यात काय उगवलंय?"

कोपऱ्यात एक अंगठा होता. सोन्याचा, फुगीर, रेषान् रेषा स्पष्ट.

"डाग असेल," मी हाताआडून म्हणालो.

दुसरं कार्ड तापवलं. अंगठा. तिसरं. अंगठा. चौथ्यावर तर पक्ष्यांपेक्षा अंगठाच जास्त छान आला होता.

बोट ओलं करून पान उलटायची माझी सवय मोडण्यात बायकोने उमेदीची सगळी वर्षं घालवली आहेत. निवृत्तीच्या दिवशी मी तिला शब्द दिला होता, आणि तो मी तंतोतंत पाळतो. म्हणजे ती समोर असताना.

"तुम्ही अंगठा चाटलात," ती म्हणाली.

"मी हात पुसले होते."

"मी हाताचं विचारलं नाही. प्रत्येक कार्डाला चाटलात?"

"हं."

"म्हणजे हे सगळे लोक लग्नाला येणार ते तुमची थुंकी हातात धरून?"

या प्रश्नाला ग्रंथालयशास्त्रात उत्तर नाही. मी खोडरबर घेतला. अंगठा आणखी चकाकला. सुरीने खरवडला, अंगठा राहिला, कागदाला भोक पडलं. बायकोने एका कार्डाचा कोपरा कातरला. ते उंदराने अर्धवट सोडल्यासारखं दिसू लागलं. शेवटी मला सुचलं की झाडाच्या पानाचा शिक्का मारून अंगठा झाकावा. दोन्ही बाजूंना एकेक पान मारलं आणि दोघं लांबून पाहत राहिलो.

"बटाट्याला कान फुटलेत," बायको म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. सूनबाई पाकिटांचा गठ्ठा घेऊन हसत आत आली आणि टेबलाकडे पाहून त्याच गठ्ठ्यावर मटकन बसली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हात पुसले होते ना?"

"टॉवेलने," मी म्हणालो. हे खरंच होतं. बायको छताकडे पाहू लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण सूनबाई नुसती उरलेली कार्डं तापवत बसली, कारण नवरी येणारच होती, आणि प्रत्येक कार्डातून माझा अंगठा शाळेतल्या हजेरीसारखा "हजर" म्हणत वर येत होता.

घंटा वाजली. मी आतल्या खोलीकडे निघालो, पण सूनबाईने कार्डांचा भरलेला ट्रे माझ्या दोन्ही हातांत दिला. "धरा, बाबा." दडी मारायची वाट बंद झाली.

नवरी आली, उंच, हसरी, घाईतली. तिने एक कार्ड उचललं, पक्षी पाहून खूश झाली, आणि मग तिचं बोट कोपऱ्यावर थांबलं. "हे काय?"

सूनबाईच्या चेहऱ्यावरून रंग गेला आणि तसाच परत आला. "तो घरातल्या थोरल्या माणसाचा अंगठा आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "शिक्का सगळीकडे सारखाच उमटतो. माणूस तसा उमटत नाही. म्हणून प्रत्येक पत्रिकेवर तो वेगळा घेतला."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. या मुलीला आम्ही साधीभोळी समजत होतो.

नवरीचे डोळे भरून आले. तिने ते कार्ड गालाला लावलं. गालाला! बायकोला एकदम खोकल्याची उबळ आली. "माझ्या आजोबांचे हात असेच होते," नवरी म्हणाली. "काका, तुम्ही केलंत हे? पण इतक्या बारीक रेषा उठवल्यात कशा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नेहमीसारखा हात तोंडासमोर न्यायला गेलो, तर हातात ट्रे.

"जुनी पद्धत आहे," मी म्हणालो.

नवरीने मान तिरकी केली. तिचा चेहरा बदलला; ओले डोळे कोरडे झाले आणि बारीक झाले. "काका, परत बोला."

"जुनी पद्ध..."

"आ करा. मोठा. जीभ बाहेर."

त्या आवाजापुढे माझी काय बिशाद! मी जीभ काढली. सूनबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. समोरच्या आरशात मीही पाहिलं. माझी जीभ टोकापासून मध्यापर्यंत सोन्याची झाली होती. देवळातल्या कळसासारखी झळकत होती.

नवरीने माझी जीभ पाहिली. मग माझा अंगठा पाहिला. मग कार्ड पाहिलं. मग हळूच ते गालापासून लांब नेलं.

सूनबाईने डोळे मिटून घेतले होते. आणि मग ती दातांची डॉक्टर हसायला लागली. भिंतीला टेकली, खुर्चीत बसली, तरी हसत होती.

"दिवसभर माझे हात दुसऱ्यांच्या तोंडात असतात," ती डोळे पुसत म्हणाली. "एका अंगठ्याने मला काय होणार आहे? सगळी कार्डं नेते. ते कानवालंसुद्धा द्या, ते माझ्या सासूबाईंना. आणि माझ्या दोन मैत्रिणींची लग्नं ठरलीत, त्यांनाही हाच अंगठा हवा."

सूनबाईने मला मिठीच मारली असती, पण मी तशा बाबतीत लाजतो हे तिला ठाऊक आहे. तिने ट्रेला मारली.

मी जीभ आत घेणार, तोच नवरी पुन्हा वाकली. "थांबा. ही खालची डावी दाढ कधीपासून ठणकतेय?"

"दाढ?" बायको म्हणाली. "कसली दाढ?"

"उं," मी म्हणालो.

सूनबाईचं काम जोरात चाललं आहे. न्हाणीघर अजून तिच्याच ताब्यात आहे. मैत्रिणींच्या पत्रिकांसाठी तिने मला आधी ओला स्पंज देऊन पाहिला, पण अंगठा फिकट येतो. शेवटी माझी जीभच लागते. बायको आता मला अडवत नाही, उलट शेजारी पाण्याचा पेला ठेवून जाते. या सुखात एकच खोट आहे. लग्नाचं निमंत्रण आम्हालाही आलं. माझ्याच अंगठ्याखाली नवरीने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: "काकांनी लग्नाला नाही आलं तरी चालेल. पुढच्या सोमवारी दवाखान्यात मात्र यायचंच, आणि येताना अंगठा चाटून यायचं नाही."