वाचायला न येण्याची साथ

जादा वाचनाच्या बाईंनी हजेरी घेतली आणि कपाळाला हात लावला. तीन मुलांवर सुरू झालेल्या या वर्गात आता निम्मी तिसरी येऊन बसली होती. वाचायला शिकवल्यामुळे वाचता न येणारी मुलं वाढावीत, हे बाईंच्याच नशिबी होतं.

तिसरीच्या वर्गबाई करड्या स्वभावाच्या. त्यांच्या भिंतीवर वर्गाकडून असलेल्या अपेक्षांचा तक्ता होता: ताठ बसावे, बोलू नये, विनाकारण हसू नये, खिडकीबाहेर पाहू नये. जादा वाचन मात्र खेळाच्या सामानाच्या खोलीत चाले. तिथे जुन्या गाद्यांवर लोळत मुलं बाईंच्या गोष्टी ऐकत. मग इकडून तिकडे कोण जाणार? दर आठवड्याच्या तपासणीत मुलं वर्गबाईंसमोर ततपप करत आणि इमानदारीत नापास होत.

हे गौडबंगाल बाईंना कळलं ते खारूताईमुळे. पुढच्या दोन दातांमुळे सगळे तिला तसं म्हणत. चेंडूंच्या खोक्याकडे बघत ती सहज म्हणाली, "बाई, यावर 'उलटे ठेवू नये' असं लिहिलंय. आपण उलटंच ठेवलंय."

"अगं, तुला तर वाचता येतं!"

खारूताईने जीभ चावली. "नाही हो बाई. चुकून आलं."

बाई डोकं धरून बसल्या असतानाच हेडसर दारात आले.

"बाई, मुलं कमी व्हायची सोडून वाढतायत कशी? उद्या मी स्वतः वाचन घेणार. प्रगती दिसली नाही तर तुम्हाला पुढे ठेवता येणार नाही. तुमची नेमणूक कायमची नाही, माहितीय ना?"

हेडसर गेले आणि बाईंचा धीर सुटला. "बाळांनो, उद्या खरं खरं वाचा रे. माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मुलांनी कमाल केली. एकेकाने धडा असा धडाधड वाचला, की हेडसरांचा चष्मा नाकावर घसरला. खारूताईने तर न सांगता पुढचाही धडा वाचून टाकला. बाईंना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

"शाब्बास!" हेडसरांनी टाळ्या वाजवल्या. "सगळ्यांना येतंय की! म्हणजे आता या वर्गाची गरजच उरली नाही. सोमवारपासून बंद. बाई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच."

इकडे आड, तिकडे विहीर. मुलांना आलं नाही तर बाई निकामी, आलं तर बाई नकोशा. सगळे गेल्यावर त्या गादीवर बसल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. आता घरी जाऊन काय सांगायचं, तेही त्यांना सुचेना.

तेवढ्यात कुणीतरी पदर ओढला. खारूताई होती.

"रडू नका ना बाई. आमचं ठरलंय. सोमवारपासून आम्हाला परत वाचता येणार नाही." ती जरा थांबली आणि बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि उरलेल्या वर्गालापण."