खाली कोण हाय?

आमच्या इमारतीत कुणी ड्रिल मशीनचा प्लग सॉकेटात घातला, की घरघर सुरू व्हायच्या आत मल्लिनाथअप्पा दारात उभे असतात. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, कपाळावर सरकवलेला, धूळ अडवायचा चष्मा. पहिला प्रश्न ठरलेला, "खाली कोण हाय?"

अप्पा म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे मंद्रूपचे, राहायला बरोबर आमच्या खाली. "तुमची फरशी म्हंजे माझं छत की," असं आम्हाला ऐकवतात आणि पंख्याच्या हुकापासून नळाच्या पाइपापर्यंत सगळ्या इमारतीच्या भोकांवर हक्क सांगतात. एकदा मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होतो, तर तिथंही हजर. ही साधी विटांची भिंत आहे म्हटल्यावर हिरमुसले, पण चहा घेऊनच गेले.

सळई कुठं आहे ते शोधल्याशिवाय स्लॅबला मशीन लावू देत नाहीत. तुळईच्या तर वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत. ड्रिलचा आवाज बदलला की सळई लागली समजायचं आणि मुकाट थांबायचं, जोर करायचा नाही. "निधान, निधान," हे त्यांचं पालुपद. कानडीत निधान म्हणजे सावकाश. त्यांच्या या निधानापायी आमचा हॉलमधला पंखा बसेपर्यंत उन्हाळा सरत आला होता, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको.

आरपार भोक असेल तर खालच्या घरात माणूस हवाच. त्यानं बाजूला उभं राहून झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे करा चालू. आमच्याकडे काम निघालं की खाली गिरिजाकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, उभ्या राहायच्या. काम उरकल्यावर अप्पा गप्पा छाटत बसत, तेव्हा तोच दांडा जेवायला बोलवायलाही वाजे. मग अप्पा वाक्य अर्धवट टाकून उठत, "बोलावणं आलं," म्हणत आणि चपला घालत. गेल्या वर्षी काकू गेल्या. आता अप्पा बसले की बसतातच, आणि घड्याळाकडे बघायचं काम आमच्याकडे आलं.

यंदा माझ्या आईचे गुडघे पार गेले. संडास घराच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर जाताना ती एकदा पडता पडता वाचली. म्हणून तिच्या खोलीतच संडास करायचं ठरवलं. त्याचा पाइप स्लॅबमधून अप्पांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरणार होता. मी भीत भीत विचारायला गेलो. अप्पा म्हणाले, "आईसाठी ना? मग इचारायचं काय त्यात?"

पण भोकाची जागा ठरवायची वेळ आली आणि हा माणूस अडून बसला. स्लॅबला गोल भोक पाडून देणाऱ्या कोअर कटिंगवाल्या इरफाननं सळई शोधायचं यंत्र फिरवून सळई नसलेली जागा शोधली, खूण केली. अप्पांनी ती पुसली आणि वीतभर अलीकडे केली. का, तर इरफानच्या जागी सळई आहे म्हणे. यंत्र तर दाखवत नाही, असं इरफान सांगू लागला, तर म्हणे यंत्राला काय कळतंय. अप्पांच्या जागी मात्र यंत्रानं खरोखरच सळई दाखवली. पुन्हा पुसापुशी, पुन्हा वाद. आईचं काम लांबत चाललं. म्हातारा स्वतःच्या छतासाठी नाटकं करतोय, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं.

शेवटी एका तिसऱ्याच खुणेवर दोघांचं जमलं. भोक पाडायचं यंत्र बसलं, पाण्याची नळी जोडली, आई खुर्चीत बसून बघत होती. इरफान बटणाला हात लावणार, एवढ्यात अप्पा सवयीनं म्हणाले, "खाली कोण हाय?"

"चाचा, नीचे तो तुमाराच घर है ना?" इरफान म्हणाला.

पायजम्याच्या खिशातून किल्ली काढून अप्पांनी माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसून राहिले.

खाली गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतींना दिवाळीत रंग दिलेला, छत मात्र जुनंच. मोरीजवळ वर बघितलं तर गिलाव्यात रुपयाएवढे गोल खळगे, एकाला लागून एक. झाडूच्या दांड्याचे. एवढी कामं आमच्याकडे जन्मात निघाली नव्हती. ती सगळी जेवायची बोलावणी होती. इरफानची पहिली खूण त्यांच्या बरोबर मधोमध आली असती. आमच्या एका खिळ्यासाठीही धावत येणाऱ्या अप्पांनी ते खळगे बुजवले नव्हते, त्यांच्यावर रंगाचा हातही फिरू दिला नव्हता.

नव्या जागेखाली फळीचा भक्कम टेकू अप्पांनी आधीच लावून ठेवला होता. जळमटं काढायचा लांब झाडू कोपऱ्यात होता. तो उलटा धरून, हात लांब करून, मी त्या खळग्यांतच दोन ठोके दिले आणि मागे सरकलो.

वर काही सुरू होईना. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ठोकलं. तरी सामसूम.

इरफाननं नंतर सांगितलं. पहिल्या ठोक्यांनाच अप्पा उठले होते आणि दाराशी जाऊन चपला घालत होते.