खैरनार काकांनी फोन बदलला नाही

आमच्या खालच्या मजल्यावरचे खैरनार काका दर दसऱ्याला नवीन फोन घेत आणि त्याला पाटावर बसवून हळदकुंकू वाहत. देवांना झेंडूची दोन फुलं, फोनला अख्खा हार. एका वर्षी कुंकू नेमकं माईकच्या भोकात गेलं आणि पुढे आठवडाभर काकांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. "नवीन आहे, रुळेल," असं ते विहिरीतूनच सांगत.

मूळचे बागलाणातले, सटाण्याकडचे. सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात झाली आणि निवृत्त होऊन इंदिरानगरात आमच्या सोसायटीत आले. एरवी बोलणं अगदी शहरी, पण नवीन फोन हातात आला की जीभ थेट बागलाणात पोचायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "ताई, इकडे या, बघा तरी! भारी शे!" आणि वर्षभर वापरलेल्या फोनबद्दल एकच शब्द, शिळा. "काय वापरता हो हे शिळं?" असं म्हणून ते माझ्या फोनकडे बघत नाक मुरडायचे. वास्तविक तो त्यांनीच दिलेला असायचा!

त्याचं असं होतं. काकांनी नवीन घेतला की त्यांचा जुना माझ्याकडे यायचा, माझा जुना आमच्या वॉचमनकडे, म्हणजे दामूभाऊकडे, आणि दामूभाऊचा गावी पेठला त्याच्या भावाकडे. एका दसऱ्यात आम्ही सगळे एकेक घर पुढे सरकायचो. पैशाचं नाव काका काढू देत नसत. "शिळ्याचे कसले पैसे?" मी शाळेत शिकवते, चांगला पगार आहे, पण कित्येक वर्षांत फोनच्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

कॅमेऱ्याची परीक्षा गच्चीवर व्हायची. तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. डोंगर चढणारी माणसं ओळखू आली तर फोन पास. आमचे हे त्या काळात रोज सकाळी पांडवलेणी चढायला जात, निदान घरी तसं सांगत. एका सकाळी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, "झूमची ताकद बघा!" पहिल्याच वळणावर, मी आणलेल्या पिवळ्या टी-शर्टात, आमचे हे मांडी घालून वडापाव खात होते. ताकद सगळ्या सोसायटीनं बघितली. ह्यांनी काकांशी बरेच दिवस अबोला धरला. मी मात्र काकांना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं.

असे हे काका एका दसऱ्याला नुसतीच आपट्याची पानं घेऊन आले. फोन नाही. आम्हाला वाटलं, उद्या घेतील. पुढच्या दसऱ्यालाही तेच. ज्या दुकानातून ते घेत, त्या दुकानदारानं काळजीनं विचारलं म्हणे, "काका, तब्येत बरी आहे ना?"

मीही विचारलं. काका हात उडवत म्हणाले, "काय घ्यायचं ताई? मागच्या वर्षी कडा गोल होत्या, यंदा चपट्या केल्या. पुढच्या वर्षी परत गोल करतील. पाठीवर कॅमेऱ्याचे तीन डोळे होते, आता चार. डोंगर तोच! दुकानदारच सांगत होता, हल्ली कोणी फोन बदलत नाही, दिवसभर नुसत्या फुटलेल्या काचा बदलत बसतो."

पटण्यासारखं होतं, पण ते काकांनी बोलावं? आणि माझं काय? माझा फोन आता इतका तापायचा की पर्समध्ये ठेवायची भीती वाटायची. गेटवर दामूभाऊ विचारायचा, "ताई, काकांचं यंदा तरी काय व्हईल का?" शेवटी एका दुपारी मी सरळ भांडायलाच खाली गेले.

काकू झोपल्या होत्या. काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि अगदी हळू सांगितलं, "ताई, हिला काचबिंदू आहे. आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

काकू हल्ली बाहेर दिसत नव्हत्या, पण मला वाटलं होतं, गुडघे असतील.

"गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. पण आमच्या दोघांत हा एकच फोन, तिनं दिसत होतं तेव्हापासून हाताळलाय. मी नवीन घेऊन हा तिला दिला, तर 'आंधळीला शिळा' म्हणून रुसेल. खालच्या कोपऱ्यापासून एक पेर वर, दोन पेरं आत, की लागला सटाण्याला बहिणीला. नवीन फोन बोटभर लांब. सगळं हलतं ताई. बोलून लावायचं शिकवून पाहिलं, तर फोनमधली ती बया उलट उत्तर देते म्हणून हिनं तिच्याशी भांडण काढलं." काका हसले आणि मग हसू तसंच राहिलं. "चहा मी देतो, बाहेर मी नेतो, भाजीत मीठ मी घालतो. बहिणीला फोन तेवढा तिचा ती लावते. तेवढं तिचं राहू दे. आणि कोणाला बोलू नका. तिला बिचारी म्हटलेलं खपत नाही."

मी नाक पुसत वर आले आणि तापलेला फोन मुकाट्यानं चार्जिंगला लावला.

पुढे व्हायचं तेच झालं. काकांना आंघोळ करताना भजनं ऐकायची सवय, आणि तो फोन त्यांच्याच हातून बादलीत पडला. तांदळात पुरला, उन्हात ठेवला, दुकानदारानंही हात टेकले. ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं. काकूंना सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. दुकानदारानं तात्पुरत्या दिलेल्या फोनवरून काकांनी ग्रुपवर लिहिलं, "याच मॉडेलचा जुना फोन कोणाकडे आहे का? वापरलेला चालेल." काकांचा नंबर चोरीला गेलाय, अशी अर्ध्या सोसायटीची खात्री पटली.

मी खाली गेले तर माणूस पार उतरला होता. "नंबर मी लावून देतो ताई, पण ती बहिणीशी 'बरं आहे, जेवण झालं' एवढंच बोलते आणि ठेवते. तिला माझ्या चहाड्या करता येत नाहीत हो! मी चाललो बाहेर म्हटलं, तरी मी खरंच गेलो की नाही, तिला कसं कळणार?"

त्याच संध्याकाळी दामूभाऊ आमच्या दारात येऊन उभा राहिला, मान खाली घालून. "ताई, रागावू नका. लय वाट बघितली तुमची. नाय जमलं, मंग जुन्या बाजारातून एक घेतला. तुम्हाला वाईट वाटंल म्हून लपवला." त्यानं खिशातून फोन काढला. तेच मॉडेल! रंग वेगळा, पण रंग बघणार होतं कोण? आमच्या सोसायटीत फोन खालून वर जाण्याची ही पहिलीच वेळ. मी त्याला तसाच खाली नेला, काकांनी त्याला दारातच मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात नवीन फोन आणून दिला. आता चार डोळ्यांचा फोन गेटवर आहे आणि माझा अजून तापतोच आहे. चालायचंच.

दोन दिवस काका डोळ्यांना नॅपकिन बांधून सोफ्यावर बसलेले. एक पेर वर, दोन पेरं आत. कधी दुकानदाराला लागायचा, कधी गॅसवाल्याला. चिन्हं इकडची तिकडे करता करता एकदाची सटाण्याची बहीण जागेवर आली. मग त्यांनी तो काकूंच्या हातात दिला. "घे, झाला दुरुस्त. मी जरा गच्चीवर जाऊन येतो गं!" असं मोठ्यानं म्हणून त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं.

मी जिन्यातच उभी होते. काका माझ्या शेजारी येऊन थांबले. आत काहीच आवाज नाही. काकांनी कठडा घट्ट धरला होता. मग रिंग ऐकू आली, आणि पाठोपाठ काकूंचा खणखणीत आवाज.

"अगं आक्के, मीच लावला गं, मीच! काय सांगू तुला, हा माणूस दिवसभर नुसता माझ्या मागे मागे. भाजीत दोनदा मीठ घालतो, आणि वर विचारतो कशी झाली! एक ते फोनचं वेड होतं, तेही गेलं बघ. म्हातारा झालाय पार!"

काकांचा चेहरा उजळला. "सुरू झाली," ते पुटपुटले. "चला ताई, वर. तिला मोकळं बोलू दे." त्यांनी डोळे पुसले, चपला काढून हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता जिना चढायला लागले.