कचरूअण्णांची बिनशर्त हमी

आमच्या बेलापूरच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटत बसायचे, तेव्हा कचरूअण्णा डोळे मिटून कर्जरोख्यांचे नियम म्हणायचे. तेही चालीवर.

बँक सरकारी मालकीची. लोकांना रोखे विकून पैसा उभा करायचा आणि तो विहिरींसाठी द्यायचा, हा तिचा धंदा. रोखे निघायचे मुंबईत. अण्णा इथले साधे कारकून, त्यांचा संबंध टपाल फोडण्यापुरता. पण नियमांवर त्यांचा जीव होता.

"बघा, बँक सरकारचीच, तरी सरकारला इचारल्याबिगर रोखा काढीत न्हाई. याला म्हन्त्यात वळन," असं सांगून ते खिडकीतून प्रवरा नदीकडे बघत राहायचे. "कुठला कोन मानूस. आपली हीर त्यानं पाह्यलेली न्हाई, अन् तिच्यासाठी पैका देतो. का? तर खाली सरकारची हमी लिवलीय." मग बराच वेळ स्वारी त्या तंद्रीतून परत यायची नाही. हातातली भाकरी वाळून जायची.

हमीचं तर वेडच. एसटी पाचला येईल म्हटलं, की "हमी कुनाची?" चहा गोड झालाय म्हटलं तरी तेच.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांच्या सुमनचं कोपरगावच्या मुलाशी जमलं. आई तिच्या लहानपणीच गेलेली. अण्णांनीच वेण्या घालून वाढवलेली पोर. बैठकीला शाखेतून मीही हजर. देण्याघेण्याची यादी लिहायचं काम आलं अण्णांकडे. त्यांनी घरून लिहून आणलेला कागदच काढला आणि सुरू केलं, "उद्देश, मुदत, शर्ती..."

"पावनं, ही सोयरीक हाय का सरकारी कचेरी?" म्हणत मुलाचे वडील उठलेच. दाराआड सुमन पांढरीफटक पडली. जमलेलं लग्न मोडतंय, हे तिलाही कळलं होतं.

"फुडं काय लिवलंय ते तरी ऐका," मुलाची आई म्हणाली. अण्णांनी कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी वाचलं.

"उद्देश: मुलीचं सुख. मुदत: बाप जिवंत असेतो. वरपक्षावर कसलीही शर्त नाही. मुलीला कधीही माघारी यावंसं वाटलं, तर कारण न विचारता घरी घेतलं जाईल. हमी बापाची, बिनशर्त."

खाली सह्यांच्या दोन जागा. एकीवर अण्णांची सही, दुसरी कोरी.

"रोख्यावर दोन सह्या लागत्यात," अण्णा पुटपुटले. "ती जागा तिच्या आईची हुती."

मुलाचे वडील पुन्हा खाली बसले. त्यांच्या कारभारणीने यादीला लावायला आणलेल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि कोऱ्या जागेवर दाबला.

"आता तिची आई मी हाय," ती म्हणाली.

अण्णांनी ठसा नीट उमटलाय का ते नियमाप्रमाणे पाहिलं, आणि मग भर बैठकीत रडले.