पिल्लू यायच्या आधीची घंटा

हे लिहायची मला हौस नाही. चौथीत शाळा सोडली ती लिहावं लागू नये म्हणूनच. (पुढे त्याच शाळेत छत्तीस वर्षं शिपाई होतो, ती गोष्ट वेगळी.) पण शेजारचा शिंपी येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला माझी गोष्ट वाटेल तशी कापून, वर झालर लावून सांगतो. लेक म्हणाली, "बाबा, तुमची बाजू कागदावर मांडा, नाहीतर लोक शिंप्याचंच खरं धरतील." म्हणून बसलोय. मधे मधे उठावं लागेल. का, ते कळेलच.

लेक परगावी गेली तसं घर आमच्या हिला खायला उठलं. हिला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं. मी तीन महिने नाही म्हणालो. मग हिने बोलणंच टाकलं. शेवटी मीच पिल्लंवालीकडे गेलो. ही बाई रस्त्यावरची पिल्लं सांभाळते आणि घर बघितल्याशिवाय कुणाला देत नाही. मुलगी मागायला गेलो असतो तरी एवढी चौकशी झाली नसती. ती चालू असताना तपकिरी कानाचं एक पिल्लू येऊन माझ्या चपलेवर बसलं आणि तिथेच झोपलं. मी पाय हलवला नाही.

बाईने हातात कागद दिला. "रविवारी घर बघायला येते. पसंत पडलं तर पिल्लू तुमचं. नाहीतर न्हावी नंबर लावून बसलाय."

घरी येऊन अक्षरं जुळवत वाचलं: पिल्लाला दर दोन तासांनी अंगणात न्यावे. वेळ चुकवू नये. घरच्यांनी आठवडाभर आधीपासून सवय करावी.

आता वेळ म्हणजे आपला प्रांत! शाळेत विजेची बेल आली तेव्हा जुनी पितळी घंटा मला देऊन टाकली होती. ती माळ्यावरून काढली, दारात टांगली, लोलकाला जमिनीपर्यंत येईल अशी दोरी बांधली. (हिचा खांदा दुखतो, हात वर जात नाही.) सकाळी सहाला पहिला टोल. मग आठ, दहा, बारा. टोल पडला की मी रिकामा पट्टा घेऊन अंगणात.

"अहो, पिल्लू कुठाय?"

"नाही आलं म्हणून वेळ चुकवायची?"

"मग कोपऱ्यात उभं राहून करता काय?"

"वाट बघतो."

"कशाची?"

"पिल्लाला जेवढा वेळ लागेल तेवढ्याची!"

बुधवारपर्यंत घरात कुणी धड टेकलं नाही. ही आडवी झाली की टोल. दूध गॅसवर ठेवलं की टोल, आणि दूध उतू. समोरची पोरं तर टोल ऐकला की दप्तरं उचलून रस्त्यावर. गुरुवारी मला वेगळीच शंका आली. टोल पडला की आता मलाच लागत होती.

त्याच दिवशी शिंप्याने कुंपणावरून डोकं काढलं.

"काका, 'कर बाळा, लवकर कर' असं कुणाला म्हणताय?"

"कुत्र्याला."

"कुठल्या?"

"रविवारी येणाऱ्या."

गळ्यातली टेप चाचपत तो गुपचूप आत गेला. तो गप्प राहिला तिथेच मला कळायला हवं होतं.

रविवारी बाई आली. काखेत टोपली, टोपलीत पिल्लू, पण चेहरा कोरा. उंबऱ्यातच म्हणाली, "शेजारी विचारलं मी. म्हणतात, तुमचं डोकं फिरलंय, नसलेलं कुत्रं फिरवता. माफ करा, अशा घरात मी मुका जीव ठेवत नाही. न्हाव्याकडेच निघालेय."

हिने पिल्लासाठी जुन्या स्वेटरची गादी केली होती. ती उचलून घडी घालायला लागली. ती घडी मला बघवेना.

मी कागद नाचवत ओरडलो, "अहो बाई, तुमच्याच कागदावर लिहिलंय! आठवडाभर आधी..."

टण्!

पिल्लू टोपलीतून उतरून दोरीला लोंबकळत होतं. घड्याळात पावणेदहा. शाळेत वेळेआधी घंटा दिली असती तर मी एकेकाचा कान धरला असता. पण पाय ऐकतायत थोडेच! वाक्य अर्धं टाकलं, पट्टा उचलला आणि तडक अंगणाच्या कोपऱ्यात. मागोमाग पिल्लू आलं. त्याने माझ्याकडे बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं आणि फतकल मारून काम उरकलं.

बाई डोळे पुसत हसत होती. "वीस वर्षं पिल्लं देतेय. आधी मालक तयार झालेला पहिल्यांदा बघितला. न्हाव्याला दुसरं देईन."

तेव्हापासून पिल्लाला एक पक्कं ठाऊक आहे: दोरी ओढली की म्हातारा उठतो. दिवसाला वीस-पंचवीस टोल होतात. हे लिहिताना सहा वेळा उठलो. गल्लीत म्हणतात, "छान शिकवलंय हो." कुणी कुणाला, ते मी विचारत नाही.

शिंप्याला मात्र जाब विचारायला गेलो. तो मशीन थांबवून म्हणाला, "काका, बाईंना मी ऐकलं तेवढंच सांगितलं. 'डोकं फिरलंय' हे शब्द माझे नाहीत. कुंपणापाशी येऊन मला कुणी सांगितलं, ते घरी जाऊन विचारा."

विचारलं. तेव्हा शिंप्याला सोडून दिलं. ज्या माणसाने माझी माफी मागायची राहिलीय तो माणूस आत्ता पिल्लाला मांडीवर घेऊन घंटेखाली बसलाय, आणि पिल्लाचा पंजा हातात धरून दोरी ओढतोय. माझी बायको.